‘ऑपोझिट नंबर’ मराठीत आणताना : समपदस्थ ठरवण्याची क्रमवार पद्धत

इंग्रजी वृत्तसंस्थांच्या मजकुरात ‘हिज ऑपोझिट नंबर’ किंवा ‘हर काउंटरपार्ट’, म्हणजे दुसऱ्या देशात किंवा संस्थेत तेच काम करणारी व्यक्ती (समपदस्थ), असे शब्द आले की मराठी बातमीत दोन प्रकारच्या चुका वारंवार होतात. पहिल्या प्रकारात शब्दाला शब्द ठेवला जातो आणि चर्चेला बसलेला दुसऱ्या देशाचा मंत्री ‘विरोधी’, ‘प्रतिस्पर्धी’ किंवा ‘प्रतिपक्षी’ ठरतो. दुसऱ्या प्रकारात ‘समपदस्थ’ हा शब्द बरोबर येतो, पण त्या माणसाचे पद चुकते. ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांना ‘परराष्ट्र सचिव’ म्हटले जाते आणि आपल्या मंत्र्यांनी तिकडच्या एका सनदी अधिकाऱ्याशी बोलणी केली, असा वाचकाचा समज होतो. पहिली चूक वाचताक्षणी खटकते, म्हणून ती बहुधा छपाईपूर्वी पकडली जाते. दुसरी मात्र सुटते, कारण वाक्य व्याकरणाने निर्दोष असते आणि रात्रीच्या घाईत कोणी पदाची खातरजमा करत नाही.

भाषांतर करणारे उपसंपादक, मुक्त भाषांतरकार आणि पत्रकारितेचे विद्यार्थी यांच्यासाठी पुढील टप्पे लिहिले आहेत. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण आधी मराठी शब्द निवडतात आणि मग वाक्य जुळवतात. माझ्या मते शब्द निवडणे हे चौथे काम आहे. पहिल्या तीन टप्प्यांत समोरची व्यक्ती कोण आणि ती कोणत्या नात्याने बसली आहे हे पक्के झाले, तर पुष्कळदा ‘समपदस्थ’ हा शब्द वापरण्याची गरजही उरत नाही.

तयारी : हाताशी काय असावे

पहिली गोष्ट म्हणजे पदांचा स्वतः तयार केलेला तक्ता. त्यात देश, तिकडच्या पदाचे इंग्रजी नाव देवनागरीत, त्या पदाचे प्रत्यक्ष काम आणि भारतातील त्याच कामाचे पद, असे चार रकाने असावेत. व्यक्तींची नावे या तक्त्यात लिहू नयेत. नावे बदलतात आणि जुने नाव डोळ्यांसमोर राहिले की तेच बातमीत उतरते.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंची अधिकृत पत्रके. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचे पत्रक आणि समोरच्या देशाच्या मंत्रालयाचे पत्रक शेजारी-शेजारी उघडून ठेवावे. वृत्तसंस्थेने ‘ऑपोझिट नंबर’ या दोन शब्दांत जे गुंडाळलेले असते, ते पत्रकात पूर्ण नाव आणि पूर्ण पद देऊन लिहिलेले असते.

तिसरी गोष्ट म्हणजे आपल्या दैनिकाची किंवा संकेतस्थळाची शैलीपुस्तिका. ‘अध्यक्ष’ लिहायचे की ‘राष्ट्राध्यक्ष’, ‘शी जिनपिंग’ की ‘क्षी जिनपिंग’, हे प्रश्न दर वेळी नव्याने सोडवू नयेत.

टप्पा १ : वाक्याची दोन्ही टोके शोधा

‘ऑपोझिट नंबर’ हा शब्द एकटा काहीच सांगत नाही. तो कोणाचा, हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यामुळे प्रथम अलीकडचे टोक पक्के करावे, म्हणजे ज्याच्या संदर्भात हा शब्द आला आहे ती व्यक्ती आणि तिचे पद. त्यानंतर पलीकडचे टोक शोधावे.

लांब इंग्रजी वाक्यांत इथेच घोटाळा होतो. समजा, मजकुरात असे आहे, की पंतप्रधानांच्या दौऱ्यात परराष्ट्रमंत्रीही सोबत होते आणि ‘ही’ (इंग्रजीतला ‘तो’ किंवा ‘ते’) आपल्या ऑपोझिट नंबरला भेटले. हा ‘ही’ पंतप्रधान की परराष्ट्रमंत्री? अंदाज बांधू नका. दौऱ्याचा कार्यक्रम पाहा किंवा मजकुरात पुढे आलेल्या नावावरून उलट शोध घ्या.

‘हिज’ आणि ‘हर’ या शब्दांनीही फसगत होते. ते अलीकडच्या व्यक्तीचे लिंग सांगतात, पलीकडच्या व्यक्तीचे सांगत नाहीत. जुलै २०२४ मध्ये टोकियोत भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया या ‘क्वाड’ देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली. त्या वेळी एस. जयशंकर यांच्या तीन समपदस्थांपैकी दोन महिला होत्या : जपानच्या योको कामिकावा आणि ऑस्ट्रेलियाच्या पेनी वाँग. इंग्रजी वाक्यात हे कुठेही दिसले नसते. मराठीत मात्र ‘ते म्हणाले’ की ‘त्या म्हणाल्या’ हे ठरवल्याशिवाय पुढचे वाक्य लिहिताच येत नाही.

पडताळा : कागदावर दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत ‘अलीकडे कोण, कोणत्या पदावर’ आणि दुसऱ्या ओळीत ‘पलीकडे कोण, स्त्री की पुरुष, कोणत्या पदावर’. दुसरी ओळ भरता येत नसेल, तर भाषांतर सुरू करू नका.

टप्पा २ : पदाचे नाव बाजूला ठेवा आणि काम पाहा

सर्वांत जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. समपदस्थ म्हणजे दुसऱ्या व्यवस्थेत तेच काम, त्याच पातळीवर करणारी व्यक्ती. पदाचे नाव सारखे असले की काम सारखे असते, हे गृहीतक सोडून द्यावे लागते.

‘सेक्रेटरी’ या शब्दापासून सुरुवात करू. भारतात सचिव हा सनदी अधिकारी असतो. अमेरिकेत ‘सेक्रेटरी’ हा मंत्रिमंडळाचा सदस्य असतो. तिथला ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ म्हणजे परराष्ट्रमंत्री, ‘ट्रेझरी सेक्रेटरी’ म्हणजे अर्थमंत्री आणि ‘सेक्रेटरी ऑफ डिफेन्स’ म्हणजे संरक्षणमंत्री. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी संरक्षण विभागासाठी ‘युद्ध विभाग’ हे दुय्यम नाव वापरण्याचा आदेश काढला, तेव्हापासून मजकुरात ‘सेक्रेटरी ऑफ वॉर’ असेही येते. तरी भारताच्या संरक्षणमंत्र्यांचे समपदस्थ बदललेले नाहीत.

ब्रिटनमध्ये ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ हे एका पदाचे नाव नाही. परराष्ट्र, गृह, संरक्षण, आरोग्य अशी अनेक खाती सांभाळणारे ज्येष्ठ मंत्री तिथे ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ असतात, म्हणून पुढे कोणते खाते लिहिले आहे ते वाचल्याशिवाय मराठी पद ठरवू नये. ‘फॉरिन सेक्रेटरी’ म्हणजे तिथले परराष्ट्रमंत्री आणि ‘होम सेक्रेटरी’ म्हणजे गृहमंत्री. मग भारताच्या परराष्ट्र सचिवांचे ब्रिटनमधील समपदस्थ कोण? तिथल्या परराष्ट्र खात्यात ‘परमनंट अंडर सेक्रेटरी’ हे सर्वांत वरचे प्रशासकीय पद आहे, ते. ‘अंडर सेक्रेटरी’ वाचून ‘अवर सचिव’ लिहिले, तर खात्याचा प्रशासकीय प्रमुख मंत्रालयातल्या कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या पातळीवर जाऊन बसतो.

सावधान : अमेरिकेतील घटक राज्यांतही ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ हे पद असते आणि त्याचा परराष्ट्र व्यवहाराशी काही संबंध नसतो. अनेक राज्यांत निवडणुकांची व्यवस्था आणि अधिकृत नोंदी हे त्याचे मुख्य काम असते. ‘जॉर्जिया’चे ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ असे आले, तर तो अमेरिकेतील राज्याचा अधिकारी आहे हे ओळखावे. जॉर्जिया नावाचा स्वतंत्र देशही आहे, पण त्याचा परराष्ट्र व्यवहार पाहणारी व्यक्ती ‘फॉरिन मिनिस्टर’ म्हणून येते.

‘इंटिरियर’ हा दुसरा सापळा आहे. फ्रान्स किंवा जर्मनीचा ‘इंटिरियर मिनिस्टर’ म्हणजे गृहमंत्री, यात अडचण नाही. अमेरिकेचा ‘सेक्रेटरी ऑफ द इंटिरियर’ मात्र गृहमंत्री नव्हे. त्याच्याकडे संघराज्याच्या मालकीच्या जमिनी, राष्ट्रीय उद्याने, नैसर्गिक संपत्ती आणि मूलनिवासी समुदायांशी संबंधित कारभार असतो. भारताच्या गृहमंत्र्यांकडे असलेली कामे अमेरिकेत विभागलेली आहेत. सीमा आणि स्थलांतर हे ‘होमलँड सिक्युरिटी’ विभागाकडे आहे, तर ‘एफबीआय’ ही तपास यंत्रणा न्याय विभागाच्या अखत्यारीत आहे. त्या न्याय विभागाचा प्रमुख ‘ॲटर्नी जनरल’ असतो आणि तो मंत्रिमंडळात बसतो. आपल्याकडचे महान्यायवादी हे सरकारचे सर्वोच्च विधी अधिकारी असतात, मंत्री नसतात. म्हणून अमेरिकेच्या ‘ॲटर्नी जनरल’साठी ‘महान्यायवादी’ एवढेच लिहिले, तर त्या पदाची अर्धी ताकद वाचकापर्यंत पोहोचत नाही. ‘न्याय विभागाचे प्रमुख, ॲटर्नी जनरल’ असे लिहावे.

‘चान्सलर’ हा शब्द तर तीन ठिकाणी तीन अर्थांनी येतो. जर्मनी आणि ऑस्ट्रियात चान्सलर हे सरकारचे प्रमुख, म्हणजे आपल्या पंतप्रधानांचे समपदस्थ असतात. ब्रिटनमध्ये ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणजे अर्थमंत्री. विद्यापीठाच्या बातमीत कुलपती. जर्मनीत राष्ट्रपतिपदही आहे आणि ते बहुतांशी आपल्याकडच्यासारखेच औपचारिक आहे, त्यामुळे जर्मन अध्यक्ष भारतात आले, तर त्यांचे समपदस्थ राष्ट्रपती असतात, पंतप्रधान नसतात.

मध्यवर्ती बँकांच्या बातम्या देणाऱ्यांनी एक गोष्ट कायमची लक्षात ठेवावी. रिझर्व्ह बँकेला एकच गव्हर्नर असतो. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या संचालक मंडळात सात गव्हर्नर असतात आणि त्यांच्यातील एक ‘चेअर’ असतो. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे अमेरिकी समपदस्थ म्हणजे ते अध्यक्ष. ‘फेड गव्हर्नर’ असा उल्लेख असेल, तर ती व्यक्ती मंडळाचा एक सदस्य असते. तिचे व्याजदराविषयीचे वैयक्तिक मत संस्थेचा निर्णय म्हणून छापले गेले, की बाजाराची बातमी उलटी होते.

लष्करी बातम्यांत पद आणि हुद्दा वेगवेगळे धरावेत. १० मे २०२५ रोजी भारत आणि पाकिस्तान यांच्या लष्करी कारवाई महासंचालकांमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंच्या ‘डीजीएमओं’मध्ये, दूरध्वनीवर बोलणे झाले. भारताचे राजीव घई लेफ्टनंट जनरल होते, पाकिस्तानचे काशिफ अब्दुल्ला मेजर जनरल. हुद्द्यात एका पायरीचा फरक, तरीही ते समपदस्थच, कारण दोघांकडे एकच काम होते. पूर्व लडाखमध्ये ६ जून २०२० रोजी झालेल्या चर्चेतही भारताकडून चौदाव्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल बसले होते आणि चीनकडून दक्षिण शिनजियांग लष्करी विभागाचे प्रमुख मेजर जनरल. अशा ठिकाणी ‘समान दर्जाचे अधिकारी’ असे लिहिणे चूक ठरते.

पडताळा : पलीकडच्या व्यक्तीविषयी तीन प्रश्न विचारा. ती निवडून आलेली वा राजकीय नेमणूक झालेली आहे, की प्रशासकीय सेवेतील आहे? तिच्या वर कोण आहे? तिच्याकडे आहे ते काम भारतात कोणाकडे आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘दोघांकडे विभागून’ असे येत असेल, तर समपदस्थ हा शब्द या बातमीत वापरू नका.

टप्पा ३ : त्या दिवशी, त्या बैठकीत, कोणत्या नात्याने?

पद ठरले, तरी काम संपत नाही. एकाच व्यक्तीकडे दोन पदे असू शकतात आणि एका पदाचे दोन समपदस्थही असू शकतात.

ऑगस्ट २०२५ मधील वांग यी यांचा दिल्ली दौरा नीट पाहावा. १८ ऑगस्टला ते जयशंकर यांना भेटले, चीनचे परराष्ट्रमंत्री म्हणून. १९ ऑगस्टला ते अजित डोभाल यांच्यासमोर बसले, सीमाप्रश्नावरील विशेष प्रतिनिधी म्हणून. डोभालही त्या बैठकीत भारताचे विशेष प्रतिनिधी या नात्यानेच होते. दोन्ही दिवशी माणूस एकच, पण पहिल्या दिवशी तो एकाचा समपदस्थ आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा. दुसऱ्या दिवसाच्या बातमीत ‘डोभाल यांनी चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी यांच्याशी चर्चा केली’ एवढेच लिहिले, तर वाक्य खोटे ठरत नाही. पण राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार परराष्ट्रमंत्र्यांशी का बोलत आहेत, हे वाचकाला कळत नाही आणि २००३ पासून चालत आलेल्या विशेष प्रतिनिधींच्या व्यवस्थेचा उल्लेखच राहून जातो.

तारीखही तितकीच महत्त्वाची. डिसेंबर २०२२ ते जुलै २०२३ या काळात चीनचे परराष्ट्रमंत्री छिन कांग होते आणि वांग यी पक्षाच्या परराष्ट्र व्यवहार यंत्रणेचे प्रमुख होते. जुन्या बैठकींचा आढावा घेणाऱ्या लेखात हे महिने आले की नाव आणि पद दोन्ही पुन्हा तपासावेत. अमेरिकेत मार्को रुबिओ यांच्याकडे मे २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्रिपदाबरोबर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराची जबाबदारीही हंगामी स्वरूपात आली, तेव्हा तेही कागदोपत्री जयशंकर आणि डोभाल या दोघांचे समपदस्थ झाले. स्वित्झर्लंडमध्ये संघ परिषदेच्या सात सदस्यांपैकी एकाकडे अध्यक्षपद दर वर्षी फिरते आणि ती व्यक्ती स्वतःचे खातेही सांभाळतच असते. तिथल्या बातमीत भेट कोणत्या पदाच्या नात्याने झाली, हे पत्रकातूनच कळते.

व्यापाराच्या बातम्यांत याच्या उलट स्थिती असते. भारताच्या वाणिज्य व उद्योगमंत्र्यांचे काम अमेरिकेत दोन कार्यालयांत वाटलेले आहे. भारत-अमेरिका व्यापार धोरण मंचावर त्यांच्यासमोर अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी बसतात, तर व्यावसायिक संवादाच्या बैठकीत वाणिज्यमंत्री. बैठकीचे नाव पाहिल्याशिवाय समोर कोण आहे हे सांगता येत नाही.

बहुराष्ट्रीय परिषदांत तर व्यासपीठावर बसलेल्यांची पदे एकसारखी नसतातच. शांघाय सहकार्य संघटनेच्या राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेत भारताचे प्रतिनिधित्व सहसा पंतप्रधान करतात. त्याच संघटनेच्या शासनप्रमुखांच्या परिषदेला भारताकडून बहुधा मंत्री जातात : ऑक्टोबर २०२४ मध्ये इस्लामाबादच्या अशाच बैठकीला जयशंकर गेले होते आणि तिथे इतर बहुतेक देशांचे पंतप्रधान होते. ‘जयशंकर यांनी आपल्या समपदस्थांसह छायाचित्र काढले’ असे त्या दिवशी लिहिले असते, तर ते चूक ठरले असते.

सावधान : वृत्तसंस्थेचा मजकूर कधीकधी सैलपणे ‘ऑपोझिट नंबर’ म्हणतो, कारण इंग्रजीत तो शब्द ‘समोरची बाजू’ एवढ्या ढोबळ अर्थानेही चालतो. मराठी ‘समपदस्थ’ मध्ये तो ढोबळपणा नाही, त्यात ‘पद’ स्पष्ट उच्चारलेले आहे. मूळ मजकूर सैल असेल, तर तो सैलपणा मराठीत नेमका शब्द वापरून पक्का करू नका.

टप्पा ४ : आता शब्द निवडा

इथवर आल्यावर आपल्यासमोर नाव, पद, काम आणि बैठक अशा चार गोष्टी असतात. पहिली निवड नेहमी ही असावी : नाव आणि पद थेट लिहा. ‘अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ’ असे लिहिले, की समपदस्थ हा शब्द न लिहिताही सांगून होतो, कारण जयशंकर परराष्ट्रमंत्री आहेत हे वाचकाला माहीत असते. माझा आग्रह आहे, की बातमीच्या पहिल्या उल्लेखात ‘समपदस्थ’ कधीही वापरू नये. दुसऱ्या-तिसऱ्या उल्लेखात, नाव पुन्हा लिहिणे कंटाळवाणे होईल अशा ठिकाणी तो शोभतो.

‘समपदस्थ’ मंत्री, सचिव, सेनाधिकारी, राजदूत अशा पदांना चालतो, जिथे दोन्हीकडे पदाची ठरलेली चौकट असते. पंतप्रधान आणि अमेरिकेचे अध्यक्ष यांच्यासाठी तो टाळावा. दोघेही सरकारचे प्रमुख आहेत, पण अमेरिकेचे अध्यक्ष त्याच वेळी राष्ट्रप्रमुखही असतात, म्हणून ‘अमेरिकेचे अध्यक्ष’ हेच लिहावे. भारत-जपान, भारत-ब्रिटन अशा पंतप्रधानांच्या भेटीत अडचण येत नाही.

‘समकक्ष’ हा शब्द दर्जाची बरोबरी सांगतो. ‘समकक्ष पदवी’, ‘समकक्ष वेतनश्रेणी’ असा त्याचा नित्याचा वापर आहे. व्यक्तीसाठी तो चालतो, परंतु वर पाहिलेल्या ‘डीजीएमओं’सारख्या उदाहरणात, जिथे काम समान आणि हुद्दा असमान आहे, तिथे तो अडचणीत आणतो. ‘तुल्यबळ’ हा ताकदीचा शब्द आहे. तो कुस्तीला किंवा निवडणुकीला ठीक आहे. ‘प्रतिपक्षी’ आणि ‘विरोधी’ हे शब्द चर्चेला बसलेल्या माणसासाठी कधीच वापरू नयेत.

राज्यांच्या बातम्यांत तर या शब्दाची गरजच नसते. १४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी सीमावादावर महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांना दिल्लीत एकत्र बसवले. त्या बातमीत ‘एकनाथ शिंदे आणि त्यांचे कर्नाटकातील समपदस्थ’ असे लिहिण्यापेक्षा ‘कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई’ हे कितीतरी सरळ आहे. त्या बैठकीत दोन्ही राज्यांच्या प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती ठरली. हे सहा जण एकमेकांचे समपदस्थ खात्यांवरून ठरत नव्हते, ते समितीचे सदस्य होते आणि तसेच लिहायला हवे.

खेळाच्या पानावर ‘समपदस्थ’ आणू नये. क्रिकेट कर्णधाराचा ‘ऑपोझिट नंबर’ म्हणजे प्रतिस्पर्धी संघाचा कर्णधार. रग्बीत संघाच्या पंधरा खेळाडूंचे क्रमांक त्यांच्या जागांनुसार ठरलेले असतात, त्यामुळे दहा क्रमांकाच्या खेळाडूसमोर दुसऱ्या संघाचा दहा क्रमांकाचा खेळाडू उभा असतो. तिथे ‘प्रतिस्पर्धी संघात त्याच जागी खेळणारा’ असे लिहावे. या एकाच क्षेत्रात ‘प्रतिस्पर्धी’ शब्द बरोबर ठरतो.

कंपन्यांच्या बातम्यांत पदनाम अजिबात विश्वासार्ह नसते. मोठ्या गुंतवणूक बँकांत ‘व्हाइस प्रेसिडेंट’ ही मधल्या फळीतील पदे असतात आणि ती एकाच बँकेत शेकड्यांनी असू शकतात. त्यांना ‘उपाध्यक्ष’ म्हणून दुसऱ्या कंपनीच्या उपाध्यक्षांसमोर बसवू नका. ‘दुसऱ्या कंपनीत हेच काम पाहणारे अधिकारी’ हे वाक्य लांब आहे, पण खरे आहे.

टप्पा ५ : वाक्य बांधा

शब्द बरोबर असूनही मराठी वाक्य दोन कारणांनी बिघडते.

पहिले कारण ‘आपल्या’. हे सर्वनाम वाक्याच्या कर्त्याकडे जाते. ‘जयशंकर यांनी आपल्या चिनी समपदस्थांशी चर्चा केली’ हे ठीक आहे, कारण कर्ता जयशंकर आहेत. आता हे पाहा : ‘अमेरिकेचे संरक्षणमंत्री दिल्लीत दाखल झाले असून आपल्या समपदस्थांनी त्यांचे स्वागत केले.’ इथे ‘आपल्या’ला जागाच राहिलेली नाही. स्वागत करणारा कर्ता समपदस्थ स्वतःच आहे आणि वाचक ‘आपल्या’चा अर्थ ‘आपल्या देशाच्या’ असा घेतो. ‘त्यांचे भारतीय समपदस्थ राजनाथ सिंह यांनी त्यांचे स्वागत केले’ असे लिहिले, की संदिग्धता जाते. त्याहून साधे म्हणजे ‘संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी त्यांचे स्वागत केले’.

दुसरे कारण आदरार्थी अनेकवचन. मराठीत एका व्यक्तीसाठीही आपण ‘समपदस्थांशी’ असे अनेकवचनच वापरतो, त्यामुळे ‘अमेरिकी समपदस्थांशी चर्चा’ या शब्दांत समोर एक माणूस होता की दोन, हे कळत नाही. एरवी याने बिघडत नाही. पण ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिल्लीत झालेल्या पहिल्या भारत-अमेरिका ‘टू प्लस टू’ बैठकीसारख्या, म्हणजे दोन्हीकडचे परराष्ट्रमंत्री आणि संरक्षणमंत्री एकत्र बसतात अशा, प्रसंगी ते कळायलाच हवे. भारताकडून सुषमा स्वराज आणि निर्मला सीतारामन, अमेरिकेकडून माइक पॉम्पिओ आणि जेम्स मॅटिस, असे चौघे तिथे होते. इंग्रजी मजकुरात ‘देअर ऑपोझिट नंबर्स’ एवढेच असते. त्याचा मराठी मसुदा टप्प्याटप्प्याने असा सुधारावा.

पहिला मसुदा : ‘स्वराज आणि सीतारामन यांनी आपल्या समपदस्थांशी चर्चा केली.’ कोणाचे समपदस्थ कोण, किती आणि कोणत्या देशाचे, काहीच कळत नाही.

दुसरा मसुदा : ‘स्वराज आणि सीतारामन यांनी आपले अमेरिकी समपदस्थ पॉम्पिओ आणि मॅटिस यांच्याशी चर्चा केली.’ नावे आली, पण कोणती जोडी कोणाची, हे वाचकाने ओळखायचे.

तिसरा मसुदा : ‘परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज आणि संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री माइक पॉम्पिओ आणि संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस यांच्याशी संयुक्त चर्चा केली.’ पदांचा क्रम दोन्हीकडे सारखा ठेवल्याने जोड्या आपोआप लागतात. ‘समपदस्थ’ शब्द गळून पडला आणि मजकूर पूर्ण झाला.

पडताळा : तयार वाक्यातील प्रत्येक ‘आपल्या’ आणि ‘त्यांच्या’खाली रेघ मारा आणि त्याजागी नाव घालून वाक्य मोठ्याने वाचा. नाव चुकीचे बसले, तर सर्वनाम बदला.

टप्पा ६ : मथळा

मथळ्यात ‘समपदस्थ’ घेऊ नये. तो लांब आहे आणि घाईत वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. ‘जयशंकर यांची चिनी समपदस्थांशी चर्चा’पेक्षा ‘जयशंकर-वांग यी चर्चा’ लहान आहे आणि अधिक सांगते. नाव अपरिचित असेल, तर पद आणि देश घ्यावेत : ‘जपानच्या परराष्ट्रमंत्री दिल्लीत’. स्त्री मंत्र्यासाठी ‘जपानचे परराष्ट्रमंत्री’ असे चुकून मथळ्यात गेले आणि आत ‘त्या म्हणाल्या’ आले, की ती चूक पानावर सर्वांत मोठ्या टंकात दिसते.

‘अध्यक्ष’ या शब्दाबाबत मथळ्यात विशेष जपावे. अमेरिकेच्या ‘प्रेसिडेंट’ला आपण अध्यक्ष म्हणतो आणि तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या ‘स्पीकर’लाही लोकसभेच्या धर्तीवर अध्यक्ष म्हणतो. ‘अमेरिकी अध्यक्षांचा विधेयकाला नकार’ या मथळ्यात नक्की कोणी नकार दिला? दुसऱ्या व्यक्तीसाठी ‘प्रतिनिधिगृह’ हा शब्द जागा अडवत असला तरी लिहावाच.

टप्पा ७ : पान सोडण्यापूर्वी

मूळ इंग्रजी मजकूर बंद करा आणि फक्त मराठी बातमी वाचा. इंग्रजी समोर असताना डोळा रिकाम्या जागा आपोआप भरतो आणि वाचकाला न दिसणारी माहिती आपल्याला दिसत राहते. मराठी मजकुरावरून कोण, कोणाशी, कोणत्या नात्याने बोलले, हे सांगता आले पाहिजे.

त्यानंतर पदे दोन्ही देशांच्या पत्रकांशी ताडून पाहा. दोन पत्रकांत पदाचा उल्लेख वेगळा असेल, उदाहरणार्थ एकात ‘परराष्ट्रमंत्री’ आणि दुसऱ्यात ‘विशेष प्रतिनिधी’, तर तो फरक बातमीत येऊ द्या. दोन्ही बाजूंनी त्या बैठकीकडे कसे पाहिले, हे त्यातून कळते.

शेवटी, या बातमीसाठी जे नवे पद शोधावे लागले, ते त्याच रात्री तक्त्यात नोंदवा आणि पाळी बदलताना पुढच्या सहकाऱ्याला दाखवा. दौरा तीन दिवसांचा असेल, तर उद्याची बातमी त्याच्या हातून जाणार असते आणि आज ‘परराष्ट्रमंत्री’ असलेली व्यक्ती उद्याच्या पानावर ‘परराष्ट्र सचिव’ होता कामा नये.